चार वाट्यांचा माणूस

त्या वर्षी दिवाळीनंतरचा पाऊस आलाच नाही, आणि मराठपाळ्याच्या विहिरीनं मार्गशीर्षातच तळ दाखवला. मोट खाली सोडली की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा आणि वर यायचा तो निम्मा गाळ. बंगळुरातून सर्जापूरच्या रस्त्याला लागून चार कोस गेलं की ही चौदा चुलींची वस्ती लागे. आपला पणजा कुठल्या सरदाराबरोबर इकडं आला हे प्रत्येक घराला तोंडपाठ होतं. फक्त प्रत्येक घराचा सरदार निराळा होता. तलवारींचे केव्हाच विळे झाले होते. उरली होती ती मराठी, कानडीत अर्धी भिजलेली, आणि ही एक सामाईक विहीर.

पिराजीचा घेवडा नेमका फुलावर होता. रागी, म्हणजे नाचणी, उभी करपून गेली, तेव्हापासून सगळा जीव त्या वीस गुंठे घेवड्यात अडकलेला. पाणी मिळालं तर दीड महिना शेंगा निघणार, बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारात जाणार आणि वैशाखात थोरल्या पोरीचं, प्रेमाचं, लग्न उभं राहणार. नाही मिळालं तर काय, हे तो मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे.

दगडफोड्यांचा म्होरक्या कल्लाप्पा विहिरीत उतरला, पहारीनं चार ठिकाणी ठोकून वर आला आणि धोतराला हात पुसत म्हणाला, "पाच हात खाली जावं लागेल. सुरुंगाशिवाय हा खडक हलत न्हाई. सातशे वीस रुपये."

मराठपाळ्याची रीत जुनी होती. विहिरीचा खर्च चुलीमागं सारखा, आणि पाण्याची पाळीही चुलीमागं सारखी. विहिरीवर मोटा दोन, त्यामुळं दर सातव्या दिवशी प्रत्येक चुलीची पाळी येई. पणज्यांच्या काळी सगळेच एका मापाचे होते, तेव्हा हे शोभून दिसलं असेल. आता हणमंतराव विमानांच्या कारखान्यात फोरमन होता, मुलगाही तिथंच लागलेला. त्या एका चुलीवर महिन्याला चारशे रुपये शिजत. आणि ठकुबाईचीही एकच चूल. नवऱ्यामागं राहिलेलं अर्धं एकर, एक बैल आणि एकबैली गाडी, एवढाच तिचा संसार. वस्तीची भाजी शिवाजीनगरला पोचवायची आणि पाटीमागं दोन आणे घ्यायचे.

पिंपळाच्या कट्ट्यावर बैठक बसली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो पिराजी.

"चुलीमागं एक्कावन्न? ठकुअक्कानं कुठनं आणायचे? मी कुठनं आणायचे? ज्याच्या चुलीवर जास्त शिजतंय त्यानं जास्त द्यावं की!"

हणमंतराव इस्त्रीच्या सदऱ्यात बसला होता. तो रागावला नाही. "पिराजीअण्णा, माझ्या पगारातनं सरकार आधीच कापून घेतंय. जास्त मिळतंय म्हणून जास्त कापतंय. आणि त्याबदली मला काय मिळतंय? सर्जापूरचा रस्ता. त्याच्यावरनं मी एकदा जातो, एकदा येतो. तुमच्याएवढाच."

"तुमची सायकल जाती की त्याच्यावरनं," पिराजी म्हणाला. "आमचे पायच जातेत."

सगळे हसले. हणमंतरावही हसला, आणि हसला तिथंच हरला. कानडी शाळेचे कृष्णमूर्ती मास्तर वस्तीचं लिहिणं-वाचणं बघत. त्यांनी पाटीवर खडूनं नवी रीत मांडली. महिन्याला चाळीस रुपयांच्या आत मिळकत, त्याचा एक वाटा. चाळीस ते पंचाहत्तर, दोन वाटे. त्याच्या वर, चार. सगळे वाटे मोजायचे आणि सातशे वीसला भागायचं.

"मिळकत कुणी सांगायची?" शिवाप्पानं विचारलं. याचं रान पिराजीच्या बांधाला लागून होतं.

"ज्यानं त्यानं सांगायची," मास्तर म्हणाले. "पंचासमोर, इमानानं."

विहिरीच्या कामाला पंच नेहमी दुसऱ्या वस्तीतला आणत. आपल्यातलाच पंच केला की तो कुणाकडं तरी झुकणार, असं पूर्वीच्या लोकांनी ठरवून ठेवलं होतं. कधी नव्हे ते पिराजीला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटत होतं. छाती काढून तो घरी आला.

ओट्यावर त्याचा मेव्हणा आप्पाजी बसला होता. बायको चंद्राबाई चुलीपाशी रागीच्या पिठाचा घट्ट गोळा, मुद्दा, घोटत होती आणि भावाशी एक शब्द बोलत नव्हती. पिराजीला तिथंच कळायला हवं होतं.

"दाजी, पंच कोण ठरलाय ठाऊक हाय का?" आप्पाजी म्हणाला. "आनेकलचे खंडोजी. मास्तरांनी कालच सांगावा धाडलाय."

म्हणजे प्रेमाचा होणारा सासरा. पोरगी बघून गेला होता, पसंत आहे म्हणाला होता आणि शब्द मात्र संक्रांतीनंतर देतो म्हणून टांगून ठेवला होता. पिराजीला आनंदच झाला. "मग चांगलंच की. घरचाच माणूस."

"चांगलं हाय, पण एक सांगायचं राहिलं." आप्पाजीनं पान तोंडात एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "त्यांनी मला विचारलं, पोरीच्या बापाला भाजीचं किती सुटतंय. मी म्हटलं, महिन्याला ऐंशी."

"ऐंशी?" पिराजी खालीच बसला. पस्तीस हातात पडले तरी तो त्या दिवशी बायकोला फुलं आणत असे.

"स्थळ जुळवताना कोण खरं सांगतंय, दाजी? त्यांनीबी पोराचं फुगवूनच सांगितलं असेल की. लग्न झालं की कोण बघतंय!"

"आता बघणार की," चंद्राबाई चुलीपासूनच म्हणाली. "चारचौघात विचारणार. आणि नियम कुणी केला? ह्यांनीच."

बैठकीपर्यंतचे चार दिवस पिराजीनं डोक्याचा पार भुगा करून घेतला. पस्तीस म्हणावं, तर आप्पाजी खोटा, आपण खोटे आणि पोरगी बिनलग्नाची दारात. ऐंशी म्हणावं, तर चार वाटे. चंद्राबाईनं ताप आल्याचं सोंग सुचवलं. ते त्याला पटलंही, पण ज्यानं ओरडून रीत बदलली तोच घोंगडी घेऊन पडला असं सगळी वस्ती म्हणाली असती. वस्तीत त्याच्या शब्दाला पहिल्यांदाच वजन आलं होतं. ते त्याला सोडवत नव्हतं.

खंडोजी आला तो लाल रुमाल बांधून. मिशा पांढऱ्या, मांडीवर आडवी काठी. मास्तरांनी पाटी पुसून घेतली. एकेक चूल बोलू लागली.

हणमंतरावानं चारशे दहा सांगितले. एक रुपया लपवला नाही. पिराजीला वाटलं होतं तो निम्मे तरी खाणार, आणि त्यानं खाल्ले नाहीत याचा पिराजीला उगाचच राग आला. शिवाप्पानं पन्नास सांगितले. ठकुबाई कडेला पदर ओढून बसली होती. ती म्हणाली, "बारा. गाडीचं चाक मोडलं न्हाई तर."

"पिराजीराव?" खंडोजी म्हणाला.

'राव' कानावर पडलं आणि पिराजी उगाच ताठ बसला. त्यानं मास्तरांच्या पाटीकडं बघितलं, मग स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघितलं. "ऐंशी," तो म्हणाला.

हणमंतराव खोकला. शिवाप्पा पायाचं नख कुरतडू लागला. ठकुबाईनं मान खाली घातली. मास्तरांचा खडू पाटीवर टेकलेला तसाच राहिला.

"ऐंशी, सरी? बरोबर?" मास्तरांनी विचारलं.

"सरी."

"चार वाटे," खंडोजी म्हणाला, आणि त्याच्या मिशांखाली समाधान दिसलं. "शाब्बास."

मास्तरांनी बेरीज केली. चोवीस वाटे झाले, वाटा तीस रुपयांचा. पिराजीकडं एकशे वीस आले. जुन्या रीतीनं एक्कावन्न आले असते, आणि खरं बोलला असता तर एकच वाटा. ही वजाबाकी त्याला येत होती, आणि येत नसती तर बरं झालं असतं.

विकण्यासारखं घरात एकच होतं, बैल. त्याच्या जोडीतला पांढरा बिळ्या आणि तांबडा केंप्या, दोघांपैकी बिळ्याला जास्त किंमत आली असती. गुरांच्या बाजारात दलालानं बिळ्याच्या तोंडात हात घालून दात बघितले, शेपटी पिळली, चार पावलं चालवलं. मग रुमालाखाली पिराजीचा हात धरला आणि बोटं दाबून भाव सांगितला. पिराजीनं उलट बोटं दाबली. दलालानं पुन्हा दाबली, या वेळी जरा जोरानं, आणि पिराजीची बोटं तिथंच ढिली पडली. एकशे पंचवीस. बिळ्या नव्या माणसामागून निमूट गेला. वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि पिराजीला त्याचं फार लागलं. मोकळा कासरा खांद्यावर टाकून तो चार कोस चालत आला.

चंद्राबाई गोठ्याच्या दाराशी उभी होती. "नियम तुमचा," ती म्हणाली, "फुशारकी माझ्या भावाची, आणि गेला कोण? बिळ्या." मग तिनं बिळ्याच्या गव्हाणीतली वैरण उचलून केंप्यापुढं टाकली आणि तोंड फिरवून रडली.

सुरुंग उडू लागले. घराच्या कौलांवर खडे पडत, कोंबड्या चुलीत शिरत. फुटलेला दगड वर काढायला दर चुलीचा एक माणूस लागायचा. हणमंतरावानं रोजगारी पाठवला. बाकीचे आपापल्या घरातून आले. पिराजी विहिरीच्या पायऱ्यांवर उभा राहून खालून आलेली पाटी वरच्या हातात देई. तिसऱ्या दिवशी तळहाताचं कातडं गेलं, पाचव्या दिवशी कंबर धरली. त्यात शिवाप्पाची जीभ.

"चार वाट्यांचा माणूस आणि पाटी उचलतोय? एखादा गडी पाठवायचा की, अण्णा!"

पिराजी हसायचा. दुसरं काय करणार? अधूनमधून खंडोजी काम बघायला येई, आणि तो काठावर दिसला की पिराजी कंबर सरळ करून उगाच इकडं तिकडं हात दाखवत हुकूम सोडी. खंडोजीची पाठ वळली की पुन्हा पाटी. रात्री चंद्राबाईनं कंबरेला गरम रागीचं पोटीस लावलं.

सोळाव्या दिवशी खडकाला चीर गेली आणि पाणी आलं. आधी ओल, मग धार, मग कल्लाप्पाची माणसं ओरडत पायऱ्या चढून वर. चंद्राबाईनं विहिरीत हळदकुंकू टाकलं. पिराजी ओंजळभर पाणी प्यायला. त्याला सुरुंगाच्या दारूचा वास येत होता, तरी ते गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी पाळ्या लावायला सगळे कट्ट्यावर बसले. खंडोजी मध्ये, आप्पाजी त्याच्या मागं. चिठ्ठ्या टाकायच्या, एवढंच काम होतं. पण हणमंतराव उभा राहिला.

"माझं एक म्हणणं हाय. मी चार वाटे दिले. कुरकुर केली न्हाई. मग पाण्याच्या पाळ्याबी वाट्यानं व्हाव्यात. चार वाट्यांना चार पाळ्या. सरकार माझं ऐकत न्हाई, निदान विहिरीनं तरी ऐकावं."

मास्तरांनी पाटीवर हिशेब केला. चार वाट्यांच्या माणसाला दर तिसऱ्या दिवशी पाणी. एका वाट्याच्या माणसाला बाराव्या दिवशी.

"बाराव्या?" ठकुबाई म्हणाली. "माझी कोथिंबीर बारा दिवस कशी राहील, बाबा?"

खंडोजीनं काठीचं टोक मातीत फिरवलं. "रीत मोडायची तर ज्यांनी जास्त दिलंय त्यांचं एकमत पाहिजे. चार वाट्यांचे दोघंच हायेत. एक हणमंतराव. दुसरे तुम्ही, पिराजीराव. तुमचं काय?"

पिराजीनं मनात पाळ्या मोजल्या. दर तिसऱ्या दिवशी पाणी! घेवडा उभा राहील, लग्न उभं राहील, पुढच्या वर्षी दुसरा बिळ्या दावणीला येईल. एका शब्दात सगळं भरून निघत होतं. आणि हणमंतरावाचं म्हणणं तरी काय चुकीचं होतं? जास्त दिलं, जास्त मागितलं. पण मग आपण पहिल्या दिवशी ओरडलो ते काय होतं? हणमंतराव बरोबर असेल तर आपण चूक. हणमंतराव चूक असेल तर बिळ्या फुकट गेला. दोन्हीकडं त्याचंच नुकसान होतं, आणि दोन्हीकडं त्याला काहीतरी खरंही दिसत होतं. त्यानं ठकुबाईकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पदराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होती.

"पाळी चुलीमागंच असू दे," तो म्हणाला.

"का पण?" हणमंतराव म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्हीबी चार दिलेत की! तुमचंबी नुकसानच हाय."

"रस्ता एकच असतोय, हणमंतराव," पिराजी चाचरत म्हणाला.

"मग माझ्या जादा पैशाचं काय?"

"मला ठाऊक न्हाई. खरंच न्हाई ठाऊक. तुमचंबी खरं असेल. पण अक्काची कोथिंबीर जाईल."

हणमंतराव खाली बसला. इतका गोंधळलेला माणूस समोर असल्यावर त्याच्याशी भांडायचं तरी कसं, असा त्याचा चेहरा झाला. खंडोजीनं मात्र मांडीवर थाप मारली. "हाताशी आलेल्या तीन पाळ्या सोडणारा माणूस मी बघितला न्हाई! आप्पाजी, गूळ आणा. सोयरीक पक्की. संक्रांतीची वाट कशाला बघायची?"

गूळ वाटला गेला. खंडोजी पिराजीला मिठी मारून कानात म्हणाला, "आता लग्न मात्र तुमच्या ऐंशीला शोभेल असं होऊ द्या, व्याही."

पिराजीच्या तोंडातला गूळ तिथंच राहिला. घरी जाऊन त्यानं चंद्राबाईला आधी सोयरीक सांगितली आणि मग मिठीतलं सांगितलं. तिनं पहिल्यावर देवापुढं दिवा लावला आणि दुसऱ्यावर भावाच्या नावानं बोटं मोडली.

चिठ्ठीत पिराजीची पाळी तिसऱ्या दिवशी निघाली. त्या दिवशी उजाडायच्या बेताला तो केंप्याला घेऊन विहिरीवर आला, मोटेला नाडा बांधला आणि मग उभाच राहिला. मोट ओढायला बैल दोन लागतात. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तीन दिवस तो त्याच गोष्टीच्या आजूबाजूनं फिरत होता. शिवाप्पाकडं बैल मागायला जायचं म्हणून दोनदा निघाला आणि दोनदा परत आला. चार वाट्यांच्या माणसानं बैल मागायचा कसा? पलीकडच्या मोटेवर आज दुसऱ्या घराची पाळी होती, आणि त्यांची जोडी मोट ओढूही लागली होती. पिराजीनं केंप्याच्या मानेवर जू ठेवून बघितलं. दुसरी बाजू जमिनीला टेकली.

मागून घुंगरं वाजली. ठकुबाई येत होती. गाडी नव्हती, नुसता बैल होता.

"आज बाजार न्हाई का, अक्का?"

"बाजार दुपारी. आधी हे." तिनं आपला बैल केंप्याच्या शेजारी उभा केला. तो बुटका होता, एका शिंगाचा टवका गेलेला. "सावड करू. तुझ्या पाळीला तुझा आणि माझा. माझ्या पाळीला माझा आणि तुझा. नवरा होता तवा त्याचा एक आणि शिवाप्पाच्या बापाचा एक असंच चालायचं."

पिराजीनं तिच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मी पाळ्या सोडल्या म्हणून आलीस?"

"तसंच काही न्हाई. तू सोडल्या नसत्यास तर आले असते का, ते मला सांगता येत न्हाई." ती जुवाच्या खुंट्या, शिवळा, घालू लागली. "तुझं पस्तीसात भागत न्हाई, हे मला ठाऊक हाय."

पिराजी थबकला. "पस्तीस?"

"तुझी भाजी कुणाच्या गाडीतनं जाती रं? शिवाजीनगरला चंद्राबाई माझ्याच शेजारी बसून पैसे घेती. तू ऐंशी म्हणालास तवा मी खाली बघितलं."

"आणि शिवाप्पा?"

"त्याला तुझ्या शेंगा दिसत न्हाईत का बांधावरनं? त्याला ठाऊक, हणमंतरावाला ठाऊक, मास्तरांना ठाऊक. साऱ्या वस्तीला ठाऊक हाय. एक खंडोजी सोडला तर."

पिराजी बैल चालायच्या धावेवर मटकन बसला. सगळा कट्टा त्याच्या डोळ्यांपुढं आला. तो खोकला, ते नख, तो पाटीवर थांबलेला खडू. "मग एकजण तरी बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? होणारा व्याही समोर बसलेला. पोरीचं लग्न तिथंच मोडलं असतं." ठकुबाईला पुढचं बोलायचं नव्हतं, पण ती बोलली. "आणि माझा वाटा चौतीसचा तीस झाला. सगळ्यांचाच झाला. मास्तरांनी दोन्ही हिशेब करून बघितले होते. तेबी खरं हाय."

पलीकडच्या मोटेचं पाणी थारोळ्यात पडल्याचा आवाज आला. पिराजीनं सोललेल्या तळहातांकडं बघितलं. त्याला ओरडायचं होतं आणि हिच्या पायाही पडायचं होतं, आणि यातलं आधी कुठलं करावं हे कळत नव्हतं.

"अक्का, मला एवढंच सांग," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी अब्रू राखलीत, की माझा बैल खाल्लात?"

ठकुबाईनं खरोखरच विचार केला.

"दोन्ही केलं असेल की रं," ती म्हणाली. "मला कुठं कळतंय एवढं. ऊठ, ते जू धर तिकडनं. ऊन व्हायच्या आत तुझा घेवडा भिजायला पाहिजे."

पिराजी उठला आणि त्यानं जू धरलं.